जुन्या कपाटाला नवे पट्टे

घरातले जुने लाकडी सामान मोडीत काढण्याआधी त्याच्यावर दोन रविवार खर्च करून पाहावेत. चार पट्टे नीट ओढले, तर अडगळीतली वस्तू पुन्हा बैठकीच्या खोलीत येऊ शकते. पण पट्टे सरळ यायला हवेत आणि घरातल्या लहान मुलांची काळजीही घ्यायला हवी.

दुभत्याचे कपाट आता फारसे कुणाच्या घरात दिसत नाही. वर तारेच्या जाळीचे दार, खाली एक बंद कप्पा आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. फ्रीज घरोघरी येण्यापूर्वी दूध, दही, लोणी, तूप, सगळे त्यातच राहायचे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात असे एक कपाट कालपरवापर्यंत मागच्या गॅलरीत उभे होते. हिरव्या ऑइल पेंटचे पोपडे निघालेले, जाळी गंजलेली, आत जुन्या चपला आणि रिकाम्या बरण्या.

घर लहान, त्यात अडीच वर्षांचा नातू. त्याच्या खेळण्यांना जागा हवी होती. मुलाने भंगारवाल्याला बोलावले. त्याने अडीचशे रुपये सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "देऊन टाका. जागा अडवून बसलंय." एवढे बोलून त्यांनी ओले फडके घेतले आणि जे कपाट दुसऱ्या दिवशी घराबाहेर जाणार होते, ते आतून बाहेरून पुसायला लागल्या.

सुनेच्या ते नजरेतून सुटले नाही. "आई, तुमच्या मनात नाही ना द्यायचं?"

"अगं, लाकूडच ते. पण तुझ्या सासऱ्यांनी पहिल्या पगारात घेतलेली वस्तू आहे. तेव्हा घरात खुर्चीसुद्धा नव्हती."

भंगारवाला रिकाम्या हाताने परत गेला. कपाट ठेवायचे ठरले, पण त्या अवस्थेत ते नातवाच्या खोलीत ठेवणे शक्य नव्हते. काय करावे, हे सुनेला घरातल्याच एका वस्तूने सुचवले.

झोपाळ्यावरचे पट्टे

व्हरांड्यात संखेड्याचा झोपाळा आहे. संखेडा हे गाव बडोद्यापासून साधारण ४५ ते ५० किलोमीटरवर. पूर्वी ते बडोदा जिल्ह्यात होते, २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. तिथले खराडी-सुथार पिढ्यान्‌पिढ्या सागवानी लाकडावर लाखेचे रंगकाम करतात. बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांत लग्नाच्या निमित्ताने तिथला पाळणा, झोपाळा किंवा निदान एखादा पाट आलेला असतो.

या सामानाच्या गोल दांड्यांवर जे पट्टे दिसतात, त्यांतल्या साध्या एकरंगी पट्ट्यांना ब्रश लागत नाही. कातारी दांडा खरादावर चढवतो. तो फिरू लागला की रंगीत लाखेची कांडी त्याच्यावर दाबून धरतो. घर्षणाने उष्णता निर्माण होते, लाख वितळते आणि फिरत्या लाकडावर तिचे वळे बसते. लाकूड गोल फिरत असल्यामुळे पट्ट्याची कड आपोआप सरळ येते. मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. संखेड्याची खासियत म्हणजे त्यावरची सोनेरी नक्षी. तिच्यात सोने मुळीच नसते. कथलापासून तयार केलेल्या रुपेरी रंगाने ती काढतात, अकीक दगडाने घोटतात आणि तिच्यावर लाखेचा थर चढला की रुपेरी रंग सोनेरी दिसू लागतो.

सावंतवाडीची लाकडी भातुकली, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी यांच्यावरचे पट्टेही खरादावर असेच लाखेने चढवतात. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका बारीक किड्यापासून मिळते.

पण कपाट काही खरादावर फिरत नाही. सपाट फळीवर पट्टा ओढायचा तर तो सरळ ठेवण्याची जबाबदारी हाताची. सुनेला हे पहिल्याच रविवारी कळून चुकले.

पहिला रविवार फुकट गेला

तिने बाजारातून पाण्यात मिसळणारा पांढरा रंग आणला, एक निळी डबी आणली, घरातली चिकटपट्टी घेतली. कपाट फडक्याने पुसले आणि जुन्या हिरव्या रंगावरच पांढऱ्याचा हात दिला. दुपारी चिकटपट्ट्या लावून निळे पट्टे भरले. संध्याकाळी पट्टी ओढली, तर तिच्याबरोबर पांढरा रंग साल निघावी तसा निघून आला. जिथे राहिला होता, तिथे निळा रंग पट्टीखाली झिरपून कडा दातेरी झाल्या होत्या. नवऱ्याने हसू दाबले. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे ग. सकाळी स्वच्छ उजेडात बघू."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी काम करणाऱ्या एका वयस्क पेंटरला त्यांनीच हाक मारली. त्याने कपाटावरून बोट फिरवले आणि बोट सुनेला दाखवले. बोटाला तूप-तेलाचा चिकट थर लागला होता. "बेन, चाळीस वर्षांच्या तुपावर रंग कसा धरणार?" मग त्याने जमिनीवर पडलेले हिरवे पोपडे पाहिले, शेजारी खेळणाऱ्या नातवाकडे पाहिले आणि म्हणाला, "आधी पोराला आत न्या."

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते.

जुन्या रंगातले शिसे

घरगुती रंगांमध्ये पूर्वी शिशाची संयुगे सर्रास असत. त्यांच्यामुळे रंग लवकर वाळे, झळाळी येई आणि पिवळा, लाल, हिरवा असे रंग भडक दिसत. शिसे शरीरात गेले की बाहेर पडता पडत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्याचा सर्वांत जास्त धोका असतो, कारण वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हाताला लावते आणि हात तोंडात घालते, एवढे निमित्त पुरते.

भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये आणि तसे डब्यावर लिहिलेले असावे लागते. म्हणून त्याआधी रंगवलेल्या कुठल्याही सामानात शिसे आहे असेच धरून चालावे. म्हणजे पुढील गोष्टी ओघानेच आल्या :

जुना रंग कोरडा घासू नये. पाण्यात वापरायचा काळा पॉलिश पेपर ओला करून घासावे, म्हणजे धूळ उडत नाही.

रंग जाळून काढण्यासाठी ज्योत लावू नये. त्या धुरातूनही शिसे पोटात जाते.

काम गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात, खाली प्लॅस्टिक अंथरून करावे. नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा.

झाडू मारू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावे आणि तो सगळा कचरा पिशवीत बांधून टाकावा.

कामाचे कपडे वेगळे धुवावेत, अंघोळ करून मगच मुलाला घ्यावे. काम चालू असताना मूल त्या जागेपासून लांब ठेवणे सर्वांत उत्तम.

जुना पाळणा किंवा बाळाचा पलंग असेल आणि त्याचा रंग सुटत असेल, तर हौस बाजूला ठेवावी. मुले कठड्याला दात लावतात. अशी वस्तू बाळासाठी वापरूच नये.

नातू दोन दिवस आत्याकडे राहायला गेला. कपाट गच्चीवर गेले.

रंगवण्याआधी लाकूड ओळखावे

प्रत्येक जुनी वस्तू रंगवायचीच असते असे नाही. नुसते पॉलिश केलेले सागवान किंवा शिसवी लाकूड असेल, तर त्याला रंग देणे म्हणजे चांगल्या पैठणीवर ठिगळ लावणे. रंग लाकडाच्या रेषांत एकदा शिरला की पूर्ण निघत नाही. अशा वस्तूच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासून पाहावा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळा तांबूस झाला, तर ते चपडी लाखेचे पॉलिश आहे. त्याला नव्या पॉलिशचा हात द्यावा आणि पट्ट्यांचा बेत सोडावा. संखेडा किंवा सावंतवाडीच्या लाखकामाला तर ही परीक्षासुद्धा करू नये. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. ते कोरड्या मऊ फडक्याने पुसायचे, उन्हापासून आणि गरम कपबश्यांपासून जपायचे, एवढेच.

जे सामान आधीच ऑइल पेंटने रंगवलेले आहे, किंवा साध्या देवदाराचे, आंब्याच्या फळ्यांचे आहे, ते पट्ट्यांसाठी योग्य. दुभत्याचे कपाट त्यातले होते.

तयारीला निम्मा वेळ

पेंटरने सांगितलेली रीत सरळ होती. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून कपाट पुसायचे, मग दोनदा साध्या पाण्याने. सोड्याच्या पाण्यासाठी हातमोजे हवेत. उन्हात नव्हे, सावलीत दोन दिवस वाळू द्यायचे. मग ओल्या पेपरने जुन्या रंगाची चकाकी मारायची. सगळा रंग काढायची गरज नसते. सुटलेले पोपडे निघावेत आणि बाकीचा पृष्ठभाग हाताला किंचित खरखरीत लागावा, इतके पुरे. खिळ्यांची भोके, भेगा यांत लांबी भरायची, वाळल्यावर तीही ओलसर पेपरने घासायची. मग लाकडाच्या प्रायमरचा एक हात आणि त्यावर मुख्य रंगाचे दोन पातळ हात.

सुनेचा पाण्यात मिसळणारा रंग मुळात वाईट नव्हता. फक्त तो तेलकट, गुळगुळीत पृष्ठभागावर धरत नाही. प्रायमरवर तो छान बसतो, वास कमी येतो आणि लवकर वाळतो. लाकडासाठी मिळणारे पाण्याचे एनॅमल घ्यावे, भिंतीचा डिस्टेंपर नको. त्या कपाटाचा रंगवायचा भाग जेमतेम दोन चौरस मीटर. त्याला दोन हातांसाठी अर्धा लिटर मुख्य रंग पुरला आणि पट्ट्यांसाठी २०० मिलीची डबी आणली, ती निम्मी उरली.

दिवसही पाहावे लागतात. पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे रंग वाळत नाही आणि लाखेच्या पॉलिशवर पांढरी झाक येते. दसऱ्यानंतर होळीपर्यंतचा काळ या कामाला उत्तम.

विषम आकड्याचा हिशेब

पट्टे किती आणि केवढे, हे रंग उघडण्याआधी कागदावर ठरवावे. उभे पट्टे वस्तू उंच दाखवतात, आडवे पट्टे रुंद. बुटक्या टेबलाला उभे पट्टे शोभतात, अरुंद उंच कपाटाला आडवे. पट्ट्यांची एकूण संख्या नेहमी विषम धरावी, म्हणजे दोन्ही कडांना एकच रंग येतो.

या कपाटाचा खालचा दरवाजा ४५ सेंटीमीटर रुंद होता. ५ सेंटीमीटरचा एक याप्रमाणे ९ पट्टे झाले, पाच साईच्या रंगाचे आणि चार निळे. सगळा दरवाजा आधी साईच्या रंगाने रंगवलेलाच असल्यामुळे प्रत्यक्षात भरायचे होते फक्त चार निळे. बाजूची फळी मात्र ४० सेंटीमीटरची. ५ने भागले की ८ पट्टे, म्हणजे एका कडेला निळा आणि दुसऱ्या कडेला साईचा. इथे मधे ५ सेंटीमीटरचे सात पट्टे घेतले, चार निळे आणि तीन साईचे, आणि उरलेले अडीच-अडीच सेंटीमीटर दोन्ही कडांना साईच्या रंगातच राहू दिले.

हिशेब सासूबाईंनी केला. त्या पूर्वी शिवणाचे क्लास घ्यायच्या. "प्लेट्स पाडण्यासारखंच आहे हे. मधून सुरुवात करायची आणि दोन्हीकडे सारखं जायचं," असे म्हणत त्यांनी टेप आणि पेन्सिल हातात घेतली, ती शेवटची खूण होईपर्यंत सोडली नाही.

पट्टा ओढताना

मुख्य रंगाला निदान दोन दिवस, जमल्यास चार दिवस वाळू द्यावे. वर आणि खाली पेन्सिलीने बारीक खुणा करून लांब पट्टीने हलकी रेघ जोडावी. जे भाग रंगवायचे त्यांवर आधीच फुल्या मारून ठेवाव्यात, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात : मास्किंग टेप रेघेच्या आत लागतो आणि पट्टा टेपच्या रुंदीइतका बारीक होतो. टेप नेहमी पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला लावावा. साधी चिकटपट्टी वापरू नये. तिचा डिंक रंग उचलतो आणि कडेखाली रंग शिरू देतो. टेपची कड चमच्याच्या पाठीने दाबून घ्यावी.

आता पेंटरची खरी युक्ती. टेपच्या कडेवरून निळा नव्हे, आधी मुख्य रंगच, म्हणजे साईचाच, एक पातळ हात फिरवायचा. कुठे फट राहिली असेल तर तिच्यात साईचा रंग शिरतो आणि फट बंद होते. खाली साईचाच रंग असल्यामुळे तो दिसतही नाही. तो वाळला की निळ्याचे दोन पातळ हात द्यायचे. एकच जाड हात दिला तर कडेला रंगाचा उंचवटा राहतो. दुसरा हात पूर्ण वाळण्याआधीच टेप काढायचा, वर न खेचता स्वतःवरच दुमडून, तिरका, सावकाश. पूर्ण वाळू दिला तर टेपबरोबर पट्ट्याची कड फाटते.

टेपशिवाय बारीक रेघ ओढायची असेल तर लांब केसांचा लाइनिंग ब्रश लागतो. रंग आटवलेल्या दुधाइतका दाट ठेवायचा. करंगळी फळीच्या कडेला टेकवायची आणि ब्रश आपल्याकडे ओढत आणायचा. नजर ब्रशच्या टोकावर नको, रेघ जिथे संपणार तिथे हवी. आधी जुन्या काचेवर किंवा फरशीवर वीस-पंचवीस रेघा ओढून हात बसवावा. ही कला अजून जिवंत आहे. रॉयल एनफील्ड मोटारसायकलींच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा चेन्नईच्या कारखान्यात कारागिरांनी कित्येक वर्षे अशाच हाताने ओढल्या आहेत. घरच्या रेघेला तेवढी सफाई येणार नाही, पण पाण्याचा रंग असेल तर चुकलेली रेघ ओल्या फडक्याने लगेच पुसता येते.

शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक वार्निशचा एक हात दिला, तर पुसताना पट्टे झिजत नाहीत. तेलाचे वार्निश हलक्या रंगावर काही महिन्यांनी पिवळे पडते. आणि एक जपण्यासारखी गोष्ट : कुठल्याही कामात जवसाचे तेल वापरले, तर त्याचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल वाळताना गरम होते आणि फडके आपोआप पेटू शकते. ते पाण्यात भिजवून किंवा मोकळे पसरून वाळवावे.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी कपाटाला हात घालण्याऐवजी स्टुलापासून सुरुवात करावी. स्टुलाच्या चारही पायांना एकाच उंचीवर दोन-दोन आडवे पट्टे घातले, तरी पायात पैंजण घातल्यासारखे ते सजते. जमिनीपासून मोजून प्रत्येक पायावर खूण करावी. नजरेच्या अंदाजाने करू नये, चौथ्या पायाशी चूक उघडी पडते.

दाराच्या आतली बाजू

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी टेप निघाले. नऊच्या नऊ पट्ट्यांच्या कडा सरळ होत्या. एका ठिकाणी निळा रंग मुगाच्या दाण्याएवढा बाहेर आला होता, तो बारीक ब्रशने साईच्या रंगाखाली झाकला. जाळी नवी बसवली. पाण्याच्या वाट्यांची गरज राहिली नव्हती.

आतल्या बाजूलाही रंग द्यायचा म्हणून सुनेने खालचे दार पूर्ण उघडले आणि ब्रश बुडवला. सासूबाईंनी तिचा हात धरला. दाराच्या आत न रंगवलेल्या लाकडावर पेन्सिलीच्या उभ्या रेघांच्या ओळी होत्या, पाचवी रेघ आडवी. रतिबाच्या दुधाचा हिशेब. दर महिन्याच्या ओळीपुढे सासऱ्यांच्या अक्षरात रक्कम लिहिलेली. एका ओळीत रेघा एकदम दुप्पट झाल्या होत्या.

"हे काय आई? या महिन्यात एवढं दूध?"

"तुझा नवरा जन्मला तो महिना," सासूबाई म्हणाल्या.

ती बाजू रंगवली नाही. तेवढ्या लाकडावर जुना रंग नव्हताच, त्यामुळे शिशाची भीती नव्हती. लाकूड ओलसर फडक्याने अलगद टिपले आणि रेघांवर काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक छोट्या स्क्रूंनी बसवून घेतले, म्हणजे नातवाचे हात लागून त्या पुसणार नाहीत.

कपाट आता नातवाच्या खोलीत आहे. जाळीमागे गोष्टींची पुस्तके, खालच्या कप्प्यात गाड्या आणि ठोकळे. आत्याकडून परत आला तेव्हा त्याने दारावरचे पट्टे बोटाने मोजायला घेतले. त्याला पाचपर्यंतच येते. पाच झाल्यावर तो पुन्हा एकपासून सुरू करतो आणि आजी शेजारी बसून पुढचे आकडे सांगते.